मासा लागल्यावर काय करावे

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो," व्याही फोनवर म्हणाले. "काठ्या, दोरे, गळ सगळं माझं घेऊन येतो. तुम्ही फक्त होडी तयार ठेवा, गुरुवर्य."

"हो हो, या ना, अवश्य या," असं म्हणून ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. व्याह्यांच्या बेतात तशा तीनच अडचणी होत्या. पहिली, ग्रंथपालांकडे होडी नव्हती. दुसरी, त्यांनी जन्मात एकही मासा धरला नव्हता. आणि तिसरी, गुडघ्याच्या वर येणाऱ्या कुठल्याही पाण्याला ते भीत. अंघोळसुद्धा ते बादलीपासून सावध अंतर राखूनच करत.

"कोणाचा हो फोन?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"व्याह्यांचा. मासे पकडायला येतायत."

"कुठे?"

"म्हणजे तलावावर. माझ्या होडीतून."

मिक्सर थांबला. बायको दारात आली. हाताला लागलेलं पीठ तिनं अगदी सावकाश पुसलं. हे लक्षण ग्रंथपालांना अडतीस वर्षांच्या संसारात चांगलं ठाऊक झालं होतं.

"तुमच्या कशातून?"

आता हे होडीचं प्रकरण कसं उपटलं ते सांगायला हवं. ग्रंथपालांनी एका सार्वजनिक वाचनालयात एकाच टेबलाशी हयात घालवली. टेबलावर 'चौकशी' अशी पाटी होती आणि लोक चौकशी करतही, पण ती बहुधा संडास कुठे आहे याची. "डावीकडे सरळ जा, चरित्रं संपली की उजवा दरवाजा," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की निरोपसमारंभात शिपायानं त्यांची नक्कल म्हणून तेच म्हटलं आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. फावल्या वेळात ते वाचत. खुर्चीमागच्या कपाटात छंद आणि खेळ होते, आणि मागे हात नेला की जो खण लागे तो मासेमारीचा. घोडेस्वारीचा खण लागला असता तर व्याही घोडे घेऊन आले असते, एवढाच फरक.

वाचलेल्याचं कार्ड करून ठेवायचं ही धंद्याची खोड. तशी बास नावाच्या एका माशाबद्दल त्यांच्याकडे तीनशे बारा कार्डं साठली होती. तो कुठे राहतो, काय खातो, कशाला फसतो, कधी रुसतो, सगळं अकारविल्हे एका लाकडी पेटीत.

मुलीच्या सासरच्या मंडळींशी पहिली भेट झाली तेव्हा बायका आत गेल्या आणि एका कोचावर दोन बाप उरले. व्याही बसदुरुस्तीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, दांडगे, आवाज इंजिनावर मात करायला घडवलेला. तेही चाचपडू लागले. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं तलावावर जातोय हो. बास म्हणून मासा आहे. अजून एक हाती लागला नाही."

आणि ग्रंथपालांच्या तोंडून, त्यांना थांबवता येण्याआधी, निघून गेलं, "सकाळी गवताच्या कडेला टाका. बास उघड्यावर फिरत नाही, आडोसा धरून दबून बसतो. ऊन चढलं की मगच खोल पाण्याकडे जा. आणि ओढताना घाई करू नका. ओढा, थांबा, ओढा. तो घेतो ते थांबल्यावर घेतो."

परक्या माणसाशी एका दमात ते आजवर इतकं बोलले नव्हते. नंतर तासभर त्यांना घाम येत होता.

पुढच्या बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. "गुरुवर्य! दीड किलोचा!" व्याह्यांचा आवाज रिसीव्हरमधून भिंतीपर्यंत गेला.

तेव्हापासून दर बुधवारी अकराला फोन. पाणी गढूळ असलं तर काय लावू? वारा असला तर? रबरी गांडूळ बरं की तो चकाकणारा पत्र्याचा चमचा? ग्रंथपाल म्हणत, "थांबा हं, बघून सांगतो," आणि कार्ड काढत. गढूळ पाण्यात काळं नाहीतर भडक, खळखळणारं आमिष. वाऱ्यात वजनदार, आणि वारा ज्या काठाला लाटा नेतो तो काठ. व्याह्यांची समजूत अशी की गुरुवर्य डोळे मिटतात आणि आतल्या आत एक तलाव बघून सांगतात. अशाच एका बुधवारी व्याह्यांनी विचारलं, "तुमची होडी कोणती हो?" ग्रंथपालांच्या हातात नेमकं छोट्या होड्यांचं कार्ड होतं. त्यांनी वाचलं, "सपाट बुडाची, साडेदहा फुटी. दोन माणसांना पुरते." त्यात खोटं काही नव्हतं. कार्डावर तसंच होतं. व्याही "वा!" म्हणाले. मग खुलासा करायला भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे अकरा सेकंद मिळाले होते. ती गेली.

"मग आता करा की खुलासा," बायको म्हणाली. "फोन उचला आणि सांगा, माझ्याकडे होडी नाही, पेटी आहे."

"चौदा महिने झाले गं. आता सांगितलं तर ते पुन्हा विचारतील का काही?"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर सोमवारी ह्या माणसाला कोणी काही विचारत नाही, मंगळवारी विचारत नाही, आणि बुधवारी हा साडेदहापासूनच इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ बसतो, हे तिला दिसत नव्हतं थोडंच.

"होडी शोधा मग," ती म्हणाली आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

*

होडी चौकातल्या फोटोग्राफरकडे मिळाली. तो दुकान बंद करत होता. मागे पडद्यावर रंगवलेलं सरोवर, पुढे होडी, होडीत नवीन लग्न झालेलं जोडपं, असे फोटो त्यानं पंचवीस वर्षं काढले होते. ग्रंथपालांनी टेप लावली. सपाट बूड, लांबी साडेदहा फूट. त्यांच्या अंगावर काटाच आला. कार्डावरचं वाक्य उठून समोर येऊन बसलं होतं.

"घेऊन जा काका," फोटोग्राफर म्हणाला. "फक्त रंग एकाच बाजूला आहे बरं का."

कॅमेऱ्याकडच्या बाजूला निळा रंग, पांढरा पट्टा आणि मान वळवून बघणारा एक हंस होता. दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड आणि सुतारानं पेन्सिलीनं मारलेल्या खुणा. हजारो जोडप्यांना ह्या होडीनं संसाराला लावलं होतं, पण पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. ह्या बाबतीत तिचं आणि नव्या मालकाचं उत्तम जमण्यासारखं होतं.

इमारतीच्या आवारात गाड्यांनी जागा सोडली नव्हती, म्हणून होडी चार माणसांनी जिन्यानं गच्चीवर चढवली. तिसऱ्या वळणावर हंसाची चोच खरचटली. वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी दार उघडून उभेच होते.

"गच्ची ही सामाईक जागा आहे," ते म्हणाले.

"मग होडी पण सामाईक समजा," खालून कोणीतरी दम टाकत म्हणालं. हे तळमजल्यावरचे नळवाले. पंचेचाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करून आता स्वस्थ बसलेले, म्हणजे स्वस्थ सोडून सगळं असलेले. द्रवपदार्थ कुठलाही असो, त्यावर त्यांचं मत तयार असे.

"गळते का नाही ते आधी बघा काका," नळवाले म्हणाले. "तलावावर नेऊन नाही बघायचं. आत पाणी भरायचं. आतलं बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत येणार नाही. साधा हिशेब आहे."

ग्रंथपालांना हा विचार फार आवडला. कुठल्याही पुस्तकात नव्हता तरी त्याला पुस्तकाचा बाणा होता. पाणी भरलं. ते अकरा ठिकाणांहून बाहेर आलं आणि बाराव्या ठिकाणाहून, म्हणजे गच्चीच्या भेगेतून, सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात उतरलं. नळवाल्यांनी भेग बुजवली, होडीला डांबर आणि पुट्टी लावली आणि निदान केलं, "लाकूड कोरडं आहे. आठवडाभर पाणी भरून ठेवा. लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात."

म्हणून होडी पाण्याच्या आत जाण्याऐवजी पाणी होडीच्या आत राहिलं.

दरम्यान ग्रंथपालांनी खेळाच्या दुकानातून एक काठी, रीळ आणि हिरवा रबरी बेडूक आणला आणि गच्चीवर फेकण्याचा सराव सुरू केला. कार्ड क्रमांक चाळीसप्रमाणे कोपर अंगाला, मनगट सैल, नजर लक्ष्यावर. लक्ष्य म्हणजे पाण्याच्या टाकीखालची कुंडी. तीन वेळा बेडूक स्वतःच्याच पाठीला लागला. चौथ्या वेळी तो कठड्यावरून सुंदर वळण घेत खाली गेला आणि कशात तरी रुतला.

आता रुतल्यावर ओढायचं कसं याचंही कार्ड होतं, पण ते आठवेना. आठवलं ते दुसरंच. ओढा, थांबा, ओढा. सेक्रेटरी आपल्या बाल्कनीत चहा पीत होते. त्यांची दोरीवर वाळत घातलेली करड्या रंगाची विजार समोरून उठली, जराशी थांबली, पुन्हा उठली, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येऊन परत थांबली, जणू काही विचारायचं राहिलं होतं, आणि वर निघून गेली.

"माझी विजार!" खालून आवाज आला.

"आणतो, आणतो," ग्रंथपाल कठड्यावरून म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती, काठीला विजार होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाजेच्या जोडीला, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, पण थोडासा अभिमानही होता. पहिलंच काहीतरी लागलं होतं.

विजार त्यांनी घडी करून नेऊन दिली. सेक्रेटरींनी ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याला पत्र टाकलं.

*

निरीक्षकबाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्या हातात लांब दांड्याचं ओगराळं होतं. त्यांनी होडीत ते बुडवलं, वर काढलं आणि ग्रंथपालांच्या नाकासमोर धरलं.

"बघा काका, नाचतायत. डासांच्या अळ्या."

"किती असतील?" ग्रंथपालांनी आस्थेनं विचारलं.

"मोजायच्या नसतात, मारायच्या असतात. पाणी आत्ताच्या आत्ता ओतून टाका."

"पण लाकूड अजून फुगायचंय. अजून चार दिवस तरी..."

"मग गप्पी मासे सोडावे लागतील. ते अळ्या खातात."

ग्रंथपालांना वाटलं, किती समंजस खातं आहे. ते म्हणाले, सोडा. बाईंनी पिशवीतून तीस गप्पी मासे सोडले, वहीत काहीतरी लिहिलं आणि लाल रंगाचा डबा काढून होडीवर, हंसाच्या बरोबर खाली, मोठ्या अक्षरांत 'पा. सा. ४१७' असं रंगवलं.

"हे काय?"

"पाणीसाठा क्रमांक चारशे सतरा. गप्पी सोडले की साठा कायम होतो. दर मंगळवारी येऊन मासे मोजणार. परवानगीशिवाय ओतायचा नाही."

अशा रीतीनं, मासे पकडायला जी होडी हवी होती तिच्यातच मासे येऊन राहिले, तेही सरकारी. नळवाल्यांना ह्या गोष्टीचा इतका आनंद झाला की ते इमारतीतल्या प्रत्येकाला हाताला धरून दाखवायला नेऊ लागले.

ग्रंथपाल कचेरीत गेले. कारकुनानं अर्ज दिला. "साठा कशासाठी केला होता?" ह्या रकान्यात खोटं लिहिणं ग्रंथपालांच्या हातून होईना. त्यांनी 'मासेमारी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

कारकुनानं वाचलं. चष्मा काढला. "आम्ही सोडलेले मासे तुम्ही मारणार?"

"नाही नाही, ते नव्हे. दुसरे. तलावातले. ही होडी आहे."

"होडी आहे का? मग होडी परवाना. समोरचं टेबल."

समोरच्या टेबलावरचा माणूस जास्त वाचलेला होता. "होडीत पाणी किती आहे?" त्यानं विचारलं.

"काठोकाठ."

"मग नियमानुसार ती बुडालेली होडी होते. बुडालेल्या होडीला परवाना देता येत नाही. आधी पाणी काढा."

"पाणी काढायला ह्यांची परवानगी लागते."

"मग घ्या की."

पहिला कारकून म्हणाला, "दोन महिने लागतील."

ग्रंथपाल घरी आले तेव्हा त्यांची मान खाली होती. पेटीत ह्या परिस्थितीचं कार्ड नव्हतं. एकशे बारा लेखकांनी बासवर लिहिलं होतं, पण होडी आरोग्य खात्याच्या ताब्यात गेल्यास काय करावे ह्यावर एकानंही लेखणी उचलली नव्हती. त्यांनी फोन उचलला, व्याह्यांचा नंबर अर्धा फिरवला, आणि ठेवला.

बायको हे पाहत होती. "मंगळवारी मोजतात ना?" ती म्हणाली. "मग शनिवारी संध्याकाळी मासे माझ्या कपडे भिजवायच्या टबात काढा. रविवारी जाऊन या. दुपारी परत भरा. मंगळवारी तीस म्हणजे तीस. कोणाला कळतंय?"

"हे बेकायदेशीर आहे."

"विजार वर ओढलीत ते काय कायद्यानं ओढलीत?"

*

रविवारी पहाटे टेम्पोतून होडी तलावावर पोचली. व्याही आधीच येऊन थांबले होते. काठ्या, जाळी, माशांसाठी थंड पेटी, आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली. ग्रंथपाल लाकडी पेटी छातीशी धरून श्वास रोखून उभे राहिले.

"ह्या बाजूला रंग नाही," व्याही म्हणाले.

"नाही..." ग्रंथपाल म्हणाले आणि पुढचं वाक्य शोधू लागले.

"कळलं! माशांच्या बाजूला भपका नको! ते बुजतात!" व्याह्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. "आणि हंस लोकांसाठी. वा गुरुवर्य."

तेवढ्यात पहारेकरी आला. 'परवाना' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, लाल अक्षरं पाहिली, आणि मिटलं. "आरोग्य खातं का साहेब? पाणी तपासायला?"

"एका अर्थी," ग्रंथपाल म्हणाले. पहारेकऱ्यानं सलाम केला आणि होडी ढकलायला हातही लावला.

होडी तरंगली. गळली नाही. नळवाल्यांचं निदान बरोबर होतं. ग्रंथपाल मधोमध बसले, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, पेटी मांडीवर. छोट्या होडीत वजन मध्यभागी आणि खाली ठेवावे. उभे राहू नये. हे शेवटचं वाक्य त्यांनी कार्डावर लाल शाईनं लिहिलं होतं आणि दोनदा अधोरेखित केलं होतं.

"पहिली फेक तुमची," व्याही म्हणाले आणि हिरवा रबरी बेडूक लावलेली काठी त्यांच्या हातात दिली. मग ते हात जोडल्यासारखे करून बघत बसले.

ग्रंथपालांनी कोपर अंगाला लावलं, मनगट सैल सोडलं आणि फेकलं. विजारीचा अनुभव फुकट गेला नाही. बेडूक गवताच्या कडेपासून वीतभर अंतरावर टप्प्यात पडला. "आहाहा," व्याही पुटपुटले. ओढा, थांबा, ओढा. थांबा.

पाणी फुटलं. बेडूक नाहीसा झाला. काठी वाकली, रीळ किंचाळलं, आणि होडी आपण होऊन गवताकडे निघाली.

"लागला! लागला!" व्याही ओरडले. "आता काय करायचं, गुरुवर्य?"

"थांबा हं, बघून सांगतो," ग्रंथपाल म्हणाले.

त्यांनी काठी काखेत दाबली आणि पेटी उघडली. 'म'. मासा, आजारी. मासा, उपाशी. मासा, ऐकू येण्याची क्षमता. मासा लागल्यावर काय करावे, सापडलं! कार्डावर त्यांच्याच सुबक अक्षरात होतं: 'पाहा: गळ, यशस्वी.' ते 'ग'वर गेले. गळ, गंजलेला. गळ, यशस्वी: 'पाहा: झुंज.' काखेतली काठी त्यांना डावीकडे फिरवत होती, म्हणून 'झ' त्यांनी मान उजवीकडे वळवून शोधला. झुंज: 'पाहा: मासा लागल्यावर काय करावे.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. वीस वर्षांपूर्वी, एका दमट दुपारी, एका माणसानं तीन कार्डांचं हे वर्तुळ पूर्ण केलं होतं, आणि आजवर त्याला ते कळलं नव्हतं, कारण आजवर त्या माणसाला कधी मासाच लागला नव्हता.

"गुरुवर्य! दोरा संपत आला!"

मासा पाण्याबाहेर उडाला. हिरवा, जाडजूड, तोंड विहिरीएवढं, बेडूक ओठाला लटकलेला. तीनशे बारा कार्डांमध्ये एकही लेखक म्हणाला नव्हता की तो रागावलेला दिसतो. ग्रंथपाल त्याला बघायला उभे राहिले.

होडी कललीच. पेटी गेली, कार्डं गेली, व्याही टोपीसकट गेले आणि ग्रंथपाल पाण्यात पडले. आता आपण बुडणार, असा त्यांचा जन्माचा अंदाज होता. त्यांनी डोळे मिटून वाट पाहिली. काहीच झालं नाही, तेव्हा उघडले. पाणी कमरेला होतं. सकाळी गवताच्या कडेला, म्हणजे उथळ पाण्यात, जायचं हे त्यांनीच सांगितलं होतं की. पायाखाली चिखल होता, हातात अजून काठी होती, आणि चहूकडे तीनशे बारा कार्डं पाकळ्यांसारखी तरंगत होती.

मग त्यांनी काय केलं ते त्यांना नंतर नीट सांगता आलं नाही. काठीचं टोक वर ठेवलं. मासा ओढू लागला की सोडत गेले, दमला की घेत गेले. तो जवळ आला तेव्हा अंगठा त्याच्या खालच्या जबड्यात घातला, बोट बाहेरून दाबलं, आणि उचलला. हातात एक जड, गार, जिवंत गोष्ट आली आणि तिनं शेपटीनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

व्याही शेजारी उभे, तेही कमरेइतक्या पाण्यात, केसांत गवत. "गुरुवर्य!" ते म्हणाले.

"गुरुवर्य म्हणू नका," ग्रंथपाल म्हणाले. हातातल्या माशाकडे बघत ते भडाभडा बोलले, कारण व्याह्यांकडे बघून बोलता आलं नसतं. "हा माझा पहिला मासा आहे. मी कधी धरला नव्हता. मला होडी नव्हती. ही फोटोग्राफरची आहे. मी तुम्हाला जे जे सांगितलं ते सगळं पुस्तकातलं होतं, आणि ती कार्डं आता ती तिकडे चाललीत."

व्याह्यांनी एक कार्ड उचलून झटकलं. "म्हणजे चौदा महिने तुम्ही मला पुस्तकं वाचून दाखवत होतात?"

"हो."

"माझ्या बसच्या कारखान्यातही पुस्तकं होती. इंजिनाची. कपाटभर. पुस्तकाला फोन करून विचारता येतं का, की बाबा रे, वारा सुटलाय, आता काय लावू? उचलतं का पुस्तक?"

"नाही."

"मग!" व्याही म्हणाले, जणू एखादा नट घट्ट बसला. "चौदा महिन्यांत नऊ मासे आले माझ्याकडे. त्याआधी एक नाही. आणि काय हो, पहिला मासा, आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून? मी नाही असा धरलेला कधी." मग त्यांनी मान वळवून विचारलं, "खरं सांगा, तुम्ही पाण्याला भीता ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमची मुलगी. तिनं मला सांगितलं होतं, बाबांना होडीत बसवाल तर जपून. म्हणून तर शिट्टी आणली." त्यांनी गळ्यातली शिट्टी दाखवली. ती पाण्यानं भरली होती आणि फुंकल्यावर फक्त बुडबुडे आले.

*

मासा मारायचा नाही, ह्यावर दोघांचं चर्चेशिवाय एकमत झालं. पण लगेच सोडवेनाही. ग्रंथपालांच्या बायकोला दाखवायचा होता. थंड पेटीत तलावाचं पाणी भरून त्याला घरी आणला. "एक रात्र राहू दे होडीत, उद्या नेऊन सोडू," व्याही म्हणाले. होडी गच्चीवर चढली, नळवाल्यांनी टाकीतलं पाणी भरून दिलं, टबातले तीस गप्पी मासे मोजून परत सोडले, आणि सगळे खाली चहाला गेले. बायकोनं मासा पाहिला, नवऱ्याच्या चिखलानं भरलेल्या पायजम्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांना मी अडतीस वर्षं ओळखते असं समजत होते." एवढंच. पण तिनं चहात साखर जास्त घातली.

सोमवारी सकाळी ग्रंथपाल गच्चीवर गेले, तेव्हा होडीत गप्पी नव्हते. एकही नव्हता. तळाशी, सावलीत, आडोसा धरून, एक बास स्वस्थ बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग पार गेला होता. बास काय खातो ह्यावर चौदा कार्डं होती. चौदाही आता तलावात होती. त्याला नेऊन सोडलं असतं तर मंगळवारी मोजायला एकही मासा उरला नसता, म्हणून तो तिथेच राहिला.

मंगळवारी निरीक्षकबाई आल्या. वही उघडली. होडीत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ग्रंथपाल शेजारी उभे होते, कठडा धरून. सेक्रेटरी जिन्याच्या तोंडाशी आशेनं उभे होते.

बाईंनी ओगराळं बुडवलं, वर काढलं, उन्हात धरलं. एक अळी नव्हती. मग 'माशांची संख्या' ह्या रकान्यात त्यांनी 'एक' लिहिलं, जरा विचार केला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वाढ समाधानकारक.'

"हा साठा चालू ठेवा काका," त्या जाता जाता म्हणाल्या. "विभागात असा दुसरा नाही."

बुधवारी अकराला फोन वाजला. ग्रंथपाल इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, समोर रिकामी जागा, जिथे पेटी असायची.

"गुरुवर्य," व्याह्यांचा आवाज भिंतीला लागला, "ऊन कडक पडलंय. असल्या उन्हात तो नेमका कुठे बसतो हो?"

"थांबा हं," ग्रंथपाल म्हणाले, "बघून सांगतो."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि ते जिना चढू लागले.